डोक्याजागी थैली, की शिडीवरचा पायलट?

व्यंगचित्रकार थॉमस नास्ट यांनी १८७१ मध्ये एका व्यंगचित्रात न्यूयॉर्कचा राजकारणी ट्वीड याचे डोके काढून तिथे पैशाची थैली ठेवली. नाकडोळ्यांच्या जागी डॉलरचे चिन्ह. जॉन टेनिएल यांनी १८९० मध्ये आपल्या व्यंगचित्रात, पदावरून दूर झालेला जर्मनीचा चान्सेलर बिस्मार्क याला जहाजावरून शिडीने उतरणारा पायलट (जहाजाला बंदरातून वाट दाखवणारा जाणकार) केले. कठड्यावरून जर्मन सम्राट (कैसर) विल्हेल्म पाहतो आहे.

नास्ट थेट भ्रष्टाचाराचा आरोप करतात, निरक्षरालाही कळेल असा. पुरावा मात्र चित्रात नाही. थैली झाकून पाहा: उरतो फक्त एक स्थूल माणूस.

टेनिएल यांच्याकडे अतिशयोक्ती जवळजवळ नाहीच, आणि मला तेच तंत्र अधिक प्रभावी वाटते. राज्य म्हणजे जहाज हे एकदा मान्य केले की ‘आता धोका’ हा निष्कर्ष वाचक स्वतःच काढतो, म्हणून तो पटतो. पण बंदराबाहेर पडल्यावर पायलट उतरतोच, ते रोजचेच काम! रूपक असे ताणून पाहिले की त्यातली फट दिसते.

व्यंगचित्राच्या विश्लेषणात ‘प्रतीक आहे, अतिशयोक्ती आहे’ एवढे लिहून थांबणे ही नेहमीची चूक. आधी मथळा झाकून चित्र वाचा, मग चित्राचा दावा एका वाक्यात लिहा आणि विचारा: काय गृहीत धरल्यावर हा पटतो?