एल ओटा की समोरासमोर दोन ओटे? आधी भाकरी कुठं थापणार ते ठरवा

नांदेडच्या पुतणीनं मागच्या आठवड्यात नव्या घराचा नकाशा पाठवला. स्वयंपाकघर ८ बाय १०. उत्तरेला हॉलचं दार, पूर्वेच्या लांब भिंतीत खिडकी, दक्षिणेच्या भिंतीत पश्चिमेच्या टोकाला वॉश एरियाचं दार. खाली एकच ओळ: "काकू, एल करू का समोरासमोर दोन ओटे? ट्रॉलीवाला म्हणतोय दोन करा, सामान जास्त बसतं."

ट्रॉलीवाला खोटं बोलत नाही. त्याचं बिल फुटावर असतं हे फक्त लक्षात ठेवायचं, आणि कागदावर मोजायचं.

दोन ओटे केले तर पूर्वेला १० फूट. पश्चिमेला दारापाशी ३ फूट सोडावे लागतात, म्हणजे ७. एकूण १७. एल केला तर पूर्वेला तेच १०, आणि दक्षिणेला दारापर्यंत ५ फूट भिंत, त्यातले २ कोपऱ्यात आधीच मोजलेले, म्हणून ३. एकूण १३. शिवाय एलच्या कोपऱ्याखालची २ बाय २ ची जागा जवळपास वाया जाते. हात पोचत नाही, ट्रॉली बसत नाही, आणि तिथं फिरणारी चकती बसवायला सुतार वेगळे पैसे मागतो. म्हणजे ट्रॉल्यांसाठी खरे ११ फूटच. १७ विरुद्ध ११. इथं एल सरळ हरतो.

पण नकाशात फ्रीज दाखवलेला नाही. पिंप दाखवलेलं नाही. ज्वारीची कोठी तर कुणीच दाखवत नाही.

फ्रीजला सव्वादोन फूट लागतात. २०० लिटरचं पिंप साधारण दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच, त्यामुळं ते ओट्याखाली जात नाही. ही दोन सामानं कुठं तरी उभी राहणारच. दोन ओट्यांच्या स्वयंपाकघरात ती पश्चिमेच्या ७ फुटांतच घुसतात आणि तिथं पावणेतीन फूट ओटा उरतो. कोठी ठेवली तर तेवढाही नाही. म्हणजे १७ चे १३ झाले, तेही ठिगळ लावल्यासारखे. एलमध्ये पश्चिमेची भिंत मोकळीच असते. फ्रीज, पिंप, कोठी एका ओळीत उभं करा, ओट्याचा एक इंच जात नाही.

पिंपाला एवढं महत्त्व का, असं पुण्या-मुंबईचा कुणी विचारेल. लातूरकर विचारणार नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमच्या गल्लीत माणसं घरात वळचणीला आणि पिंपं मधोमध अशी स्थिती होती. आता पाऊस बरा झाला तरी पिंप कुणी विकलेलं नाही. संभाजीनगरला नणंदेकडं आजही नळाला मधे कित्येक दिवस जाऊन पाणी येतं. जायकवाडी धरण एवढं जवळ, तरी.

तिच्याच घरावरून दुसरी बाजू सांगते, नाही तर एकतर्फी होईल. सिडकोतलं तिचं रो-हाऊस. स्वयंपाकघर ७ बाय ११, दोन्ही टोकांना दारं. तिथं एल करायला जागाच नाही, आडव्या भिंती दारांनी खाल्लेल्या. तिनं समोरासमोर दोन ओटे केले, पण एक गोष्ट शहाणपणाची केली: एक ओटा दोन फुटांचा आणि समोरचा दीडच फुटांचा. मधे साडेतीन फूट वाट मिळाली. दीड फुटाच्या ओट्यावर मिक्सर, डबे, पाण्याचा माठ. घरात दोघंच, स्वयंपाक करणारी एकटी. मागं वळलं की सगळं हाताशी. मला तर तिचं स्वयंपाकघर माझ्यापेक्षा वेगवान वाटतं.

गंमत म्हणजे हा आकार जुना आहे. १९२६ साली मार्गारेट शुटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईनं जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या सरकारी वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, १.९ बाय ३.४ मीटरचं. म्हणजे सव्वासहा बाय सव्वाअकरा फूट, जवळजवळ नणंदेचंच. कल्पना रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकाच्या डब्यावरून घेतलेली. एकटी बाई, मोजकी पावलं, झटपट काम. पुढं १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शेगडी, सिंक आणि फ्रीज यांचा त्रिकोण निघाला. प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट, तिन्ही मिळून २६ च्या आत. आजही प्रत्येक डिझायनर तोच त्रिकोण काढून दाखवतो.

आमच्याकडं तो अर्धाच लागू पडतो. फ्रीज बऱ्याच घरांत हॉलमध्ये. भांडी वॉश एरियात, सिंकमध्ये फक्त भाज्या आणि चहाचे कप. आणि सगळ्यात जास्त वेळ जिथं जातो ती जागा त्रिकोणात नाहीच: काटवट ते तवा.

भाकरीचं काम घड्याळ लावून बघा. पीठ मळलं, गोळा केला, थापली, तळहातावर उचलली, तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, की लगेच पुढचा गोळा. तव्यावरच्या भाकरीकडं एक डोळा ठेवूनच दुसरी थापायची असते. थापायची जागा पाठीमागच्या ओट्यावर असली तर दर भाकरीला पूर्ण वळायचं, ओली भाकरी हातावर घेऊन. वीस भाकऱ्यांचे चाळीस वळसे. एलमध्ये शेगडी पूर्वेच्या ओट्यावर, काटवट दक्षिणेच्या लहान बाजूवर. नुसतं उजवीकडं वळलं की झालं. खाली जो कोपरा ट्रॉलीवाल्याला नकोसा वाटतो, त्याच्याच वर पीठ, पाण्याचं भगुलं आणि भाकऱ्यांचं टोपलं बसतं.

म्हणून पुतणीला मी दक्षिणेची ती पाच फुटांची बाजू तीन इंच खाली घ्यायला सांगितलं आहे. सगळे कारागीर ३४ इंचांचा ओटा डोळे झाकून बांधतात. पुतणी पाच फूट उंच आहे. उभं राहून कोपरापासून जमिनीपर्यंत मोजायचं, त्यातून चार-पाच इंच वजा करायचे, ती चिरण्या-शिजवण्याची उंची. तिची ३३ येते. थापायला खांद्यातून जोर लागतो, म्हणून ती जागा ३० बरी. पायरी पडल्यामुळं पीठ उडून शेगडीखालीही जात नाही. तोटा दोन: ग्रॅनाइटचा जोड नीट भरला नाही तर पाणी मुरतं, आणि त्याखालच्या ट्रॉल्यांची उंची घटते. दोन ओट्यांतही शेगडीशेजारी दोन फूट सोडून थापता येतं, नाही असं नाही. पण मग चिरायला, वाढायला त्याच ओट्यावर दाटी होते.

गर्दीचा हिशेब वेगळा. दोन ओट्यांमधली वाट ४ फूट, म्हणजे ४८ इंच. समोरासमोरच्या दोन ट्रॉल्या ओढल्या की त्यांनीच ४० इंच खाल्ले, मधे मांजर उभं राहील. शिवाय वॉश एरियाला जाणारा रस्ताही हाच, म्हणजे खरकटी परात घेऊन निघालेली बाई आणि गरम डाळीचं पातेलं उचललेली बाई रोज समोरासमोर येणार. एरवी चालून जातं. पण येळवसच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आदल्या रात्री? भज्जीचं मोठं पातेलं, आंबिल, बाजरीचे उंडे, चौघीजणी एकाच वेळी, आणि पहाटे सगळं शेतात न्यायचं. त्या रात्री मला माझ्या एलची मोकळी फरशी बरी वाटते. दोघी ओट्यापाशी, दोघी खाली बसून.

यू आकाराचं विचारू नकोस म्हटलं. तिच्याकडं दारामुळं होतच नाही, आणि जिथं होतो तिथं तीनही भिंती ओट्यानं गिळल्या की पिंप-कोठीला भिंत राहत नाही, वाया जाणारे कोपरे दोन. १० बाय १२ च्या पुढं खोली असेल तर बघावं. एकाच भिंतीचा सरळ ओटा भाड्यानं द्यायच्या खोलीला ठीक. मधोमध बेटासारखा ओटा टीव्हीवर छान दिसतो.

आकार काहीही घ्या, काही गोष्टी दोन्हीकडं सारख्याच. शेगडी खिडकीसमोर नको, वाऱ्यानं आच तव्याला लागत नाही. खिडकीखाली सिंक. पुतणीच्या नकाशात ते आपोआप जमतं: पूर्वेला उत्तरेकडच्या टोकाला सिंक, दक्षिणेकडच्या टोकाला शेगडी, कोपऱ्यापासून किमान फूटभर अंतर, म्हणजे तव्याचा दांडा भिंतीला आपटत नाही. शेगडी आग्नेयेला, तोंड पूर्वेला, त्यामुळं वास्तूवाले गुरुजीही खूश. मे महिन्यात नांदेडला पारा ४२ च्या वर जातो तेव्हा मात्र गुरुजी येत नाहीत, तिथं शेगडीवर एक्झॉस्टच लागतो.

सिलिंडर ओट्याखाली ठेवायचा असेल तर दाराला तळाशी जाळी हवी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. दक्षिणेच्या भिंतीपलीकडं वॉश एरिया आहेच, सिलिंडर तिकडं ठेवून तांब्याची नळी आत घेतली तर अजून बरं, आणि एलमध्ये ती नळी छोटीच लागते.

आता ट्रॉल्या की कडप्प्याचे कप्पे? इथं मी होरपळलेली आहे. आमच्या सुतारानं सगळीकडं ७१० नंबरचं मरीन प्लायवुड सांगून सिंकखाली भुसा दाबलेला बोर्ड लावला. दोन पावसाळ्यांत तो पोळीसारखा फुगला. तेव्हापासून माझं मत: सिंकखाली आणि सिलिंडरपाशी कडप्पाच, त्याला फक्त ॲल्युमिनियमची दारं. बाकी ठिकाणी ट्रॉल्या चालतील, पण प्लायवर आयएस ७१० चा छाप कापायच्या आधी स्वतः बघायचा. काळ्या जमिनीत वाळवी येतेच, म्हणून खोकी फरशीला टेकवायची नाहीत. आणि बोअरच्या पाण्यानं नळाभोवती पांढरा क्षार साचतो, काळा ग्रॅनाइट घेतला तर तो रोज दिसतो. करडा किंवा ठिपक्यांचा घ्या.

वरची कपाटं दोन ओट्यांत जास्त होतात, हा ट्रॉलीवाल्याचा दुसरा मुद्दा. माझ्या सासूबाई औसा तालुक्यातल्या. १९९३ च्या ३० सप्टेंबरची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट त्यांनी पाहिलेली. डोक्यावर जड काही ठेवू देत नाहीत, माळ्यावर फक्त पापड-कुरडयांचे डबे. भिंतीत पक्के खिळवलेलं कपाट पडत नाही हे मी त्यांना सांगून थकले. पण पितळी पातेली खालीच ठेवते.

तर पुतणीसाठी माझं मत एल. तिचं घर सहा माणसांचं, रोज भाकरी, वर्षाची ज्वारी घरात. नणंदेसारखी अरुंद खोली आणि दोन माणसं असती तर मी दोन ओटेच म्हटलं असतं.

तिला एवढंच करायला लावलं: स्लॅबवर खडूनं दोन्ही नकाशे खऱ्या मापात आख, पिंपाच्या जागी पिंप उभं कर, आणि हातात परात घेऊन हॉलच्या दारातून वॉश एरियापर्यंत चालून बघ. काल संध्याकाळी फोन आला. एल ठरला. पण नवीनच अडचण: "सासूबाई म्हणतात मी उभी राहून थापणार नाही, मला बसायलाच पाहिजे."

मग वॉश एरियाच्या कडेला चुलीपुरती दोन-अडीच फूट जागा सोड म्हटलं, वर धूर जायला उघडं ठेव, आणि सिलिंडर तिथून दुसऱ्या टोकाला हलव.