फिटनेस क्लाससाठी घेतलेला बिनतारी हेडसेट माइक: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

‘आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही.’ एवढं सांगून सर्व्हिस सेंटरवाल्याने हेडसेट काउंटरवर ठेवला. आत गेला होता तो घाम. खोक्यावर घामाने निथळणाऱ्या ट्रेनरचा फोटो आहे, खाली ‘फिटनेस क्लाससाठी खास’ असं छापलंय. साडेचार हजार मोजून घेतलेली वस्तू घामानेच बाद होणार असेल तर ती कोणासाठी बनवली? तिथेच ठरवलं की सगळं लिहून काढायचं.

मी फोंड्यात ग्रुप फिटनेसच्या दोन बॅचेस घेते, सकाळी आणि संध्याकाळी. रेंज, बॅटरी वगैरे खोक्यावर वाचायला मिळतं, ते सोडून देते.

आवाज उत्तम. माइक यूएचएफवर, म्हणजे ब्लूटूथऐवजी वेगळ्या रेडिओ लहरींवर चालतो आणि जास्तीचे पैसे मी त्यासाठीच दिले. ब्लूटूथ माइकचा आवाज स्पीकरपर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा, कधी पाचवा भाग जातो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण गाण्याचा वेग मिनिटाला १२८ बीट्स असला तर दोन बीट्समध्ये अर्धा सेकंदही नसतो. ‘चार, तीन, दोन, उजवीकडे’ हे बीटच्या मागून ऐकू आलं की अर्धी रांग गोंधळते. या माइकने तसं एकदाही केलं नाही.

माझा सगळा राग म्यूटच्या बटणावर आहे. बटण कमरेच्या पॅकवर, म्हणजे हेडसेटची वायर जिथे जोडतात त्या डबीवर, आणि पॅक पाठीमागे. तेच बटण थोडं दाबलं तर म्यूट, दाबून धरलं तर माइक बंद. बोटाला काही कळत नाही, आणि दिवा असतो पाठीवर, म्हणजे तो आपल्याला सोडून सगळ्यांना दिसतो. परत चालू केला की पाच-सहा सेकंद नुसती खरखर. उड्या मारताना याने काही बिघडत नाही. बिघडतं ते क्लास सुरू होण्याआधी, आणि माझ्या मते कोचचं निम्मं काम तिथेच असतं.

जूनमध्ये संध्याकाळच्या बॅचला एक नवीन वहिनी आल्या. दारातच मला बाजूला घेऊन हळू आवाजात काही सांगितलं. मी बटण दाबलं होतं. ‘सिझेरियनला किती महिने झाले? डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटलंय ना?’ हा माझा प्रश्न स्पीकरमधून हॉलभर घुमला. सगळ्या वळून बघायला लागल्या. वहिनींनी ओढणी सारखी केली, मागच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि पाण्याच्या ब्रेकमध्ये निघून गेल्या. दोनदा फोन केला. ‘बघते हां ताई,’ म्हणाल्या. परत आल्या नाहीत.

नवीन बाईला हे विचारावंच लागतं. पार-क्यू नावाची सात प्रश्नांची यादी आहे: हृदयाचा त्रास, छातीत दुखणं, चक्कर, सांधे, बीपीच्या गोळ्या वगैरे. कागद भरून घेतला तरी खरं उत्तर तोंडी आणि हळूच मिळतं. बीपीच्या काही गोळ्या हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाहीत, मग घड्याळातल्या आकड्यावर विसंबता येत नाही. तिला सांगावं लागतं की दोन वाक्यं सलग बोलता येतील एवढाच दम लागू द्या. गुडघा दुखत असेल तर उडीऐवजी काय करायचं ते आधीच दाखवायचं. तिला दुसऱ्या रांगेत कडेला उभी करायची, म्हणजे मीही दिसते आणि पुढचीही. शेजारी एखादी जुनी मेंबर द्यायची, दोघींची नावं एकमेकींना सांगायची. ‘आज नवीन कोण? हात वर करा’ हे माइकवरून कधीच नाही. आणि वेळेवर सुरू करायचं, पहिलं गाणं नुसतं चालण्याचं.

सकाळची बॅच चारी बाजूंनी उघड्या मंडपात असते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, आमची वेळ सहाची. त्यामुळे पावणेसहापासूनचं स्वागत, विचारपूस सगळं तोंडीच होतं. यंदा नवीन आलेल्यांपैकी टिकल्या त्या बहुतेक सकाळच्या. कारणं आणखीही असतील, पण मला बटणच दिसतं.

श्रावणात माइक अडखळू लागला आणि चवथीच्या आधी पूर्ण गेला. तेव्हा म्हापशाहून नऊशे रुपयांचा, कमरेला बांधायचा वायरवाला साउंड बॉक्स आणला. आवाज पत्र्याचा, पण याला माइकच्या दांडीवरच खटका आहे, अंगठ्याने बंद होतो आणि बंद झालेला कळतो. तो वापरल्यावर माझं मत बदललं. तोवर बिनतारी हवाच असं सगळ्यांना सांगायचे; आता स्वागताला काहीच लावत नाही आणि लहान बॅचला वायरवाला पुरतो असं सांगते.

वॉरंटीचं भांडण मी सोडलं नाही. खोक्याचा फोटो, बिल आणि ‘खास’ हा शब्द गोल करून कंपनीला पाठवला, तीन वेळा. शेवटी माइकची दांडी आणि वायर फुकट बदलून मिळाली. बटण तेच.

आता पॅक उलटा लावते, वायरची पिन खाली येईल असा, म्हणजे पाठीवरचा घाम ओघळून पिनेत जात नाही. फोमच्या टोप्या रोज धुऊन बदलते. रात्री माइक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात नुसता कपाटात ठेवला तर पिनेवर हिरवट थर धरतो.

तीस जणींची बॅच, मोठा हॉल असेल तर घ्या, घसा वाचतो. नव्याने बॅच सुरू करत असाल तर साडेचार हजार घालू नका. घ्यायचाच झाला तर दुकानात पॅक पाठीला लावून, न बघता म्यूट करून बघा, आणि घामाने बिघडला तर वॉरंटी मिळेल एवढं बिलावर दुकानदाराकडून लिहून घ्या.