जप्ती करून देतो, असे सांगणाऱ्याच्या हाती मी पैसे दिले

उधारीवर पुरवलेल्या यंत्रांच्या सुट्या भागांचे 2 लाख 85 हजार रुपये एका कारखानदाराकडे थकले होते. चार वर्षे दावा चालल्यानंतर दिवाणी न्यायालयाने मूळ रक्कम, व्याज आणि दाव्याचा खर्च मला देण्याचा हुकूमनामा केला. हुकूमनाम्याची नक्कल हातात आली म्हणजे पैसेही येतील, अशी माझी समजूत होती, आणि त्या समजुतीत मी दहा महिने नुसते वाट पाहण्यात घालवले. न्यायालय स्वतःहून वसुलीला निघत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या आदेश 21 प्रमाणे त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्यालाच आपल्याकडील न्यायालयांत दरखास्त म्हणतात. हे मला ठाऊक नव्हते, आणि मला ते ठाऊक नाही हे न्यायालयाच्या आवारात भेटलेल्या त्या माणसाने पहिल्या पाच मिनिटांत ओळखले.

तो वकील नव्हता आणि न्यायालयाचा कर्मचारीही नव्हता. आपण वसुलीची कामे करतो, नाझर (न्यायालयात बेलिफांचे काम पाहणारा अधिकारी), बेलिफ (नोटिसा व वॉरंट बजावणारा कर्मचारी), पोलीस सर्वांशी आपली ओळख आहे, असे त्याने सांगितले. हुकूमनामा झाल्यापासून एका वर्षात जप्ती केली नाही तर तो रद्द होतो, ही भीती त्याने मला प्रथम घातली. प्रत्यक्षात पैशाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी मुदत कायदा, 1963 नुसार 12 वर्षांची मुदत असते. तेवढी एक गोष्ट मी कोणत्याही वकिलाला विचारली असती, तर पुढचे काही घडले नसते. घाई मला कायद्याने लावलेली नव्हती, ती त्याने लावली होती.

त्याने पैसे एकदम मागितले नाहीत. वॉरंट काढण्यासाठी 18 हजार, पुढच्या महिन्यात पोलीस बंदोबस्तासाठी 12 हजार आणि मग ट्रक, हमाल व गोदामाची ठेव म्हणून 15 हजार, असे एकूण 45 हजार रुपये मी त्याला रोख दिले. पावती मागितली तेव्हा, सरकारी पावती जप्तीनंतर एकत्रच मिळते, असे उत्तर आले. हे साफ खोटे होते. प्रोसेस फी, म्हणजे बोलीभाषेत बेलिफचा भत्ता, न्यायालयात भरली जाते आणि तिची पावती तेव्हाच मिळते. जप्त मालाच्या वाहतुकीचा आणि राखणीचा खर्च सुरुवातीला दरखास्तदारालाच करावा लागतो, एवढा भाग खरा आहे. मात्र तोही न्यायालयाच्या आदेशाने आणि न्यायालयाच्या हिशेबात जातो. म्हणूनच नोंदलेला खर्च पुढे ऋणकोकडून, म्हणजे ज्याच्याकडून येणे आहे त्याच्याकडून (माझ्या बाबतीत त्या कारखानदाराकडून), मागता येतो. अनोळखी माणसाच्या खिशात गेलेले पैसे कोणत्याही हिशेबात धरता येत नाहीत, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली.

काही आठवड्यांनी त्याने मला जप्ती वॉरंट म्हणून एक कागद दाखवला. त्यावर गोल शिक्का होता, वळणदार सही होती, आणि मी समाधानाने घरी आलो. तो कागद आज मी पुन्हा वाचतो तेव्हा त्यातील जवळजवळ प्रत्येक ओळ खोटेपणाची साक्ष देते. त्यावर दरखास्त क्रमांक नाही. ज्या दिवशी किंवा ज्या दिवसापूर्वी त्याची अंमलबजावणी व्हायची, तो दिवस खऱ्या वॉरंटवर लिहिलेला असावाच लागतो; तोही नाही. जप्त करायच्या वस्तूंच्या यादीत कारखान्यातील यंत्रांच्या जोडीला ऋणकोच्या घरातील स्वयंपाकाची भांडी, अंथरुणे आणि कपडे लिहिले आहेत. संहितेच्या कलम 60 ने नेमक्या याच वस्तू, त्या कुटुंबाच्या गरजेच्या असतात म्हणून, जप्तीतून वगळल्या आहेत. न्यायालयातून निघालेल्या कागदावर अशी यादी येणे कठीण आहे.

रात्री अकरा वाजता जाऊ, सगळे घरी सापडतील, असे तो म्हणाला होता, आणि मला ती हुशारी वाटली होती. संहितेच्या कलम 62 प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. यंत्रे थेट तुमच्या गोदामात उतरवू आणि किंमत तुमच्या येणे रकमेत वळती करू, हे आश्वासनही तितकेच निराधार होते. जप्त केलेली जंगम मालमत्ता जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात व जबाबदारीवर राहते, तिचा जाहीर लिलाव होतो, आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय दरखास्तदाराला त्या लिलावात बोलीसुद्धा लावता येत नाही.

पंधरा महिने मी फक्त तारखा ऐकत होतो. कधी साहेब रजेवर असत, कधी बंदोबस्त मिळत नसे, कधी ऋणको परगावी गेलेला असे. अखेर माझ्या पुतण्याने विचारले, “काका, दरखास्तीचा सीएनआर क्रमांक काय आहे?” प्रत्येक प्रकरणाला असा सोळा अक्षरांकांचा क्रमांक मिळतो आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्यावरून पुढची तारीखही दिसते. तो क्रमांक माझ्याकडे नव्हता. पुतण्याने तेथे माझ्या नावाने शोध घेतला, तेव्हा निकाली निघालेला दावा दिसला आणि दरखास्त कोठेही दिसली नाही. दुसऱ्या दिवशी नाझर कार्यालयात मी तो कागद दाखवला, आणि शिक्का आमचा नाही, असे मला तेथे स्पष्ट सांगण्यात आले.

गेलेल्या 45 हजारांपेक्षा गेलेल्या वेळाने माझे अधिक नुकसान केले. हुकूमनाम्याला दोन वर्षे उलटून गेली असली, तर अंमलबजावणीपूर्वी ऋणकोला नोटीस द्यावी लागते. माझी दहा महिन्यांची समजूत आणि त्या माणसाचे पंधरा महिने मिळून ती सीमा एका महिन्याने ओलांडली गेली होती. खरी दरखास्त मी एका वकील बाईंच्या मार्फत दाखल केली, नोटीस गेली, आणि नोटीस मिळाल्यावर जप्तीच्या आधीच ऋणकोने आपला टेम्पो विकून टाकला. जप्ती झाल्यानंतर केलेली खासगी विक्री कलम 64 नुसार दरखास्तदाराविरुद्ध टिकत नाही. त्या दिवशी मात्र जप्ती झालेलीच नव्हती.

ऋणकोने आपल्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असा अर्ज वकील बाईंनी आदेश 21 नियम 41 प्रमाणे केला. हुकूमनाम्याची रक्कम तीस दिवस थकली असेल तर तसे मागता येते, आणि आदेश मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. त्या प्रतिज्ञापत्राने मी सुन्न झालो. त्यात लिहिले होते की, माझा प्रतिनिधी म्हणून आलेल्या एका माणसाला ऋणकोने तडजोडीपोटी 20 हजार रुपये दिले होते आणि जप्ती थांबवल्याची चिठ्ठी घेतली होती. वर्णन त्याच माणसाचे होते. माझ्याकडून त्याने जप्ती आणण्याचे पैसे घेतले आणि समोरच्याकडून ती न आणण्याचे. न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम रीतसर नोंदवून प्रमाणित केलेली नसेल, तर अंमलबजावणी करणारे न्यायालय ती जमेस धरत नाही; त्यामुळे ऋणकोचे ते पैसेही बुडाले. त्याच्यावर माझा राग होता, आजही आहे, पण त्या दिवशी मला त्याचेही वाईट वाटले.

प्रतिज्ञापत्रात दाखवलेला एक भूखंड आता जप्त झाला आहे. जप्तीच्या आदेशाची प्रत त्या जागेवर आणि न्यायालयात लावली गेली, आणि त्या वेळी भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती माझ्या फाइलमध्ये आहे. या सर्व पावत्यांची बेरीज त्या माणसाने उकळलेल्या रकमेच्या जवळपासही जात नाही. बनावट वॉरंट मी पोलिसांकडे दिले आहे. भारतीय न्याय संहिता, 2023 च्या कलम 318 खाली फसवणुकीची आणि कलम 337 खाली न्यायालयाच्या अभिलेखाची बनावट केल्याची तक्रार मी केली आहे. त्याचा फोन बंद लागतो. दरखास्तीत पुढची तारीख लिलावाच्या जाहीरनाम्यातील मजकूर ठरवण्याची आहे, आणि त्या दिवशी मी स्वतः न्यायालयात हजर राहणार आहे.