हाडाचे सॅडल आणि फॉस्फर ब्राँझच्या तारा : गिटारीच्या नादात नेमका किती फरक पडतो?

हाडाचे कोरे, म्हणजे आकार न दिलेले सॅडल (गिटारीच्या पेटीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि डॅडारिओ कंपनीचा ईजे१६ हा तारांचा संच, या दोन वस्तूंचे हे परीक्षण आहे. ज्या गिटारीवर मी त्या बसवल्या ती मधल्या किमतीची, ड्रेडनॉट म्हणजे मोठ्या पेटीच्या आकाराची असून तिची वरची फळी अखंड स्प्रूस लाकडाची, तर पाठ आणि बाजू प्लायवुडच्या आहेत. कारखान्यातून येताना तिच्यावर पोकळ प्लास्टिकचे सॅडल आणि १०-४७ जाडीच्या बारीक तारा होत्या. या किमतीच्या बहुतेक गिटारींची स्थिती अशीच असते, आणि त्यांचे मालकही साधारण एकच तक्रार करतात : आवाज मोठा येतो, पण तो बद्द आहे, जाड तारांना घुमारा नाही आणि बारीक तारांची आस, म्हणजे छेडल्यावर रेंगाळणारा स्वर, लगेच संपते. अशा वेळी दुकानदार नवी, महाग गिटार सुचवतो. माझ्या मते वरची फळी अखंड लाकडाची असेल, तर त्याआधी हा प्रयोग अवश्य करावा.

तारा आणि सॅडल एकाच दिवशी बदलले, तर कोणता फरक कशामुळे पडला हे कळत नाही, म्हणून मी आधी फक्त तारा बदलल्या, त्या थोड्या रुळू दिल्या आणि मगच सॅडलला हात घातला. सॅडल बदलताना तारा कापण्याची गरज नसते. त्या सैल करून पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी) कॅपो, म्हणजे सर्व तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की खुंट्यांवरचे वेढे सुटत नाहीत. ब्रिज, म्हणजे सॅडल ज्यात बसते तो लाकडी तुकडा, त्यात तारा अडकवणाऱ्या पिना काढून तारा बाजूला धरता येतात, आणि नवे सॅडल बसवल्यावर त्याच तारा पुन्हा चढवता येतात. प्रत्येक टप्प्यावर त्याच खोलीत, त्याच अंतरावर फोन ठेवून आणि तेच पिक वापरून ध्वनिमुद्रण केले. कानाची आठवण फार थोडा वेळ टिकते, त्यामुळे अशा मुद्रणाशिवाय काढलेल्या निष्कर्षांवर मी विश्वास ठेवत नाही.

आधी तारांविषयी. गिटारीच्या संचातल्या सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी इंचाच्या हजारांश भागांत सांगतात. ईजे१६ हा १२-५३ जाडीचा संच आहे. १०-४७ च्या संचाचा एकत्रित ताण ६० किलोच्या आसपास असतो, तर १२-५३ चा ७० किलोच्या पुढे जातो. वरच्या फळीला हलवणारी शक्ती या ताणातून येते, त्यामुळे जाडी वाढवताच आवाजाला भार आला, आणि हा बदल एवढा स्पष्ट होता की शेजारच्या खोलीतल्या माणसालाही तो न विचारता जाणवला. याची किंमत बोटांना मोजावी लागते. एफचा बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा स्वरमेळ) धरताना सुरुवातीला मनगट दुखते, आणि ज्यांनी नुकतेच शिकायला घेतले आहे त्यांनी ११-५२ चा मधला संच घ्यावा असे मी सुचवेन. शिवाय ताण वाढला की मान किंचित पुढे वाकते, म्हणून मानेतली ट्रस रॉड ही तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई तपासून घ्यावी लागते. ती फिरवण्याची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घेणे बरे.

धातूचा प्रश्न जाडीइतकाच महत्त्वाचा आहे. बाजारात ८०/२० ब्राँझ म्हणून मिळणाऱ्या तारांवरचा वेढा ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्ताचा, म्हणजे प्रत्यक्षात पितळेचा असतो; फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्याबरोबर कथील आणि अगदी थोडा फॉस्फरस असतो. पितळ हवेने आणि घामाने किती लवकर काळवंडते हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नाशिकमध्ये वेगळे सांगण्याची गरज नाही. ८०/२० च्या तारा पहिल्या काही दिवसांत अतिशय लख्ख वाजतात आणि मग पटकन विझतात. डॅडारिओने १९७४ मध्ये फॉस्फर ब्राँझच्या तारा आणल्या. त्यांचा आवाज किंचित उबदार, गोल असतो आणि तो अधिक काळ तसाच राहतो. माझ्या गिटारीचा मूळ स्वभाव कर्कशपणाकडे झुकणारा असल्याने हीच निवड योग्य ठरली. ज्यांची गिटार आधीच घुमी आणि मंद आहे, त्यांना ८०/२० अधिक मानवेल. एलिक्सरच्या नॅनोवेबसारख्या लेप दिलेल्या तारा याहून बऱ्याच जास्त टिकतात आणि ज्यांच्या हाताला खूप घाम येतो त्यांच्यासाठी त्या महाग असूनही परवडतात, पण बोटाखालचा त्यांचा गुळगुळीतपणा मला आवडत नाही. ही निव्वळ आवडीची बाब आहे.

आता सॅडल. तारेचे कंपन सॅडलमधून ब्रिजमध्ये आणि तिथून वरच्या फळीत उतरते. सॅडल स्वतः आवाज निर्माण करत नाही. ते मधल्या वाटेत किती कंपन गिळते, एवढाच प्रश्न असतो. पोकळ, मऊ प्लास्टिक वरचे सूर जास्त गिळते, तर घट्ट हाड कमी गिळते. नटचा, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, परिणाम केवळ खुल्या तारांवर होतो, पण सॅडलचा प्रत्येक स्वरावर होतो, त्यामुळे दोहोंपैकी एकच बदलायचे असेल तर सॅडल निवडावे. हाड बसवल्यावर आवाज मोठा झाला नाही, हे स्पष्ट सांगतो. स्वर सुटा झाला. एकाच कॉर्डमधले सहा स्वर वेगवेगळे ऐकू येऊ लागले, आणि बारीक दोन तारांची आस, विशेषतः पाचव्या फ्रेटच्या पुढे, वाढली. तारांनी घडवलेल्या बदलाच्या तुलनेत हा बदल लहान आहे, पण बोटांनी एकेक तार छेडून वाजवणाऱ्याला तो लगेच पटेल. नुसते जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याला कदाचित जाणवणारही नाही.

मात्र हा फायदा हाडाचा जितका, तितकाच बसवणीचा आहे. सॅडलचा तळ पूर्ण सपाट नसेल आणि खाचेत त्याच्याखाली पोकळी राहिली, तर उत्तम हाडही वाया जाते. नीट बसलेले प्लास्टिक अशा हाडापेक्षा चांगले वाजते. म्हणून मी तयार आकाराचे न घेता कोरे सॅडल ऑनलाइन मागवले. त्यासाठी काहीशे रुपये लागले, म्हणजे तारांच्या एका चांगल्या संचाच्या आसपासच. खाचेची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने मोजली. जाड काचेवर दुहेरी चिकटपट्टीने सँडपेपर लावून आधी जाडी, मग लांबी आणि शेवटी उंची घासली. जुने सॅडल नव्याला लावून पेन्सिलीने वरची कमान उतरवून घेतली, कारण ही कमान फ्रेटबोर्डच्या गोलाईशी जुळली नाही तर मधल्या तारा उंच किंवा ठेंगण्या राहतात. सॅडल बोटाच्या दाबाने खाचेत जावे, हलू नये आणि ठोकावेही लागू नये. डिंक किंवा गोंद तर मुळीच लावू नये. हाडाची भुकटी श्वासात जाणे वाईट आणि तिचा वास घरभर पसरतो, म्हणून तोंडावर मास्क लावून हे काम गॅलरीत करावे.

सॅडलच्या माथ्याची घडण हा सर्वांत नाजूक भाग आहे. आपल्याकडे तंबोऱ्याची घोडी रुंद आणि हलक्या उताराची ठेवतात, जेणेकरून तार तिच्या पृष्ठभागाला घासत जाऊन जवारी उमटावी. मिरजेचे कारागीर या उतारावर किती मेहनत घेतात हे शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांना ठाऊक आहे. गिटारीत याच्या अगदी उलट हवे असते. तार एकाच निश्चित रेषेवरून सुटली पाहिजे, नाहीतर सतारीसारखी झणझण येते आणि तार कणसूर लागते. दुसऱ्या, म्हणजे बी तारेसाठी ही रेषा किंचित मागे सरकवावी लागते. ते केले नाही, तर खुली तार सुरात असूनही बाराव्या फ्रेटवर ती चढी वाजते.

ज्यांच्या गिटारीत सॅडलखाली पीझो पिकअप (कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करणारी पट्टी) आहे, त्यांनी तळाच्या सपाटीची दुप्पट काळजी घ्यावी, कारण थोडाही उंचसखलपणा राहिला तर अँप्लिफायरवर एखादी तार दबते. हाड नैसर्गिक असल्याने त्याची घनताही सगळीकडे सारखी नसते. अशा गिटारीसाठी, तसेच ज्या घरांत हाडाची वस्तू चालत नाही तिथे, ग्राफ टेक कंपनीचे टस्क हे कृत्रिम सॅडल मी निःसंकोच सुचवतो. त्याचा आवाज हाडाच्या बराच जवळ जातो आणि त्याची घनता एकसारखी असते.

राहिला उंचीचा प्रश्न, आणि इथे नाशिकच्या हवेचा विचार केल्याशिवाय चालत नाही. सॅडल १ मिमी घासले की बाराव्या फ्रेटवर तारेची उंची साधारण अर्धा मिमी कमी होते. जाड तारेखाली २.५ आणि बारीक तारेखाली २ मिमीच्या आसपास अंतर माझ्या वादनाला सोयीचे पडते. परंतु पावसाळ्यात अखंड लाकडाची फळी दमट हवेने फुगते, तिच्याबरोबर ब्रिज वर येतो आणि तारा उंच वाटू लागतात. त्या वेळी सॅडल घासून मोकळे झालेल्या माणसाची गिटार डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत फ्रेटवर खणखणू लागते, कारण तोवर फळी खाली बसलेली असते. गिटार बनवणारे साधारणपणे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सुचवतात. आपल्याकडे वर्षभर ती राखणे अवघड आहे, तरी पेटीत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा.

मी मात्र दोन सॅडल घडवून ठेवली आहेत. एक पावसाळ्यासाठी आणि दुसरे त्याहून अर्धा मिमी उंच, हिवाळ्यासाठी. दोन्हींच्या तळाशी पेन्सिलीने खूण केली आहे, आणि तारा बदलण्याच्या वेळीच सॅडलही बदलत असल्याने त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.