जुन्या सीडीजी रिलेंचं टेस्टिंग करून घेतलं, चार स्टार

आमची भोसरीत छोटी फाउंड्री आहे, 22 केव्ही सप्लाय, आणि एचटी (हाय टेन्शन) पॅनलवर अजून ते काळ्या डब्यातले सीडीजी रिले, म्हणजे करंट जास्त झाला की ब्रेकर ट्रिप करणारे, आत चकती फिरते ते. न्यूमेरिकल (डिजिटल) रिले बसवा म्हणून सगळे सांगतात पण मालकांचं एकच, चालतंय ना मग चालू दे. म्हणजे दरवर्षीच्या टेस्टिंगवरच सगळी भिस्त. गेल्या वर्षी जी पार्टी आली होती (नाव घेत नाही) त्यांनी तासाभरात तिन्ही रिले उरकले, आणि रिपोर्टात तिन्हीचे टाइम पॉइंटनंतरच्या दोन आकड्यांपर्यंत सेम! अहो एकाच रिलेवर लागोपाठ दोनदा करंट सोडला तरी आकडा थोडा हलतो. पण स्टिकर मिळाला होता, मीही गप्प बसलो.

यावेळी ह्या टेस्टिंगवाल्यांना बोलावलं. गुरुवारचा शटडाऊन, नऊला येतो म्हणाले, उगवले पावणेअकराला, तिथंच माझं डोकं फिरलेलं. एक पन्नाशीचे काका आणि एक पोरगा. काकांनी टेस्टिंग किटला हात लावायच्या आधी रिलेची काच काढली, टॉर्च मारला आणि भिंग घेऊन नुसते बघत बसले. मी विचारलं काय बघताय, तर म्हणाले, "या, तुम्ही पण बघा, मॅग्नेटला दाढी आलीये." खरंच! ब्रेकच्या मॅग्नेटच्या फटीत लोखंडाची बारीक भुकटी केसांसारखी उभी, आणि चकती त्यातूनच घासत जात होती. फाउंड्री म्हटल्यावर दुसरं काय होणार.

मला वाटलं आता साफ करतील, तर नाही, आधी तसंच इंजेक्शन, म्हणजे किटमधून करंट सोडून रिले किती वेळात चालतो ते बघणं. म्हणे पुसल्यावर रीडिंग घेतलं तर वर्षभर रिले कसा होता ते कळणार कसं. प्लग सेटिंग (ज्याच्या वर करंट गेला की रिले चालतो ते) 5 अँपिअर, टीएमएस (रिलेचा वेळ कमीजास्त करायचं सेटिंग) 1 वर ठेवून 10 अँपिअर सोडले, कर्व्हप्रमाणे (किती करंटला किती वेळ, त्याचा आलेख) 10 सेकंद यायला हवेत, आर फेजला आले 14.3. मग 25 अँपिअरला बघितलं तर 4.3 च्या जागी 4.5, म्हणजे जवळपास बरोबर. काका म्हणाले मोठ्या करंटला चकतीत जोर असतो, ती घासत का होईना निघून जाते, थोड्या ओव्हरलोडला मात्र अडकते, म्हणून नुसता मोठा करंट मारून ओके लिहिणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. बारा वर्षं मेंटेनन्स करतोय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मॅग्नेटची भुकटी पातळ पट्टीला चिकटपट्टी गुंडाळून काढली, हवा मारू दिली नाही, कारण ती भुकटी आणखी आत जाते. काँटॅक्टला पॉलिश पेपर लावायला पोरगा निघाला तर काकांनी त्याच्या हातावरच मारलं, त्यासाठी वेगळी बारीक पट्टी होती त्यांच्याकडे. त्यानंतर 10.2 सेकंद. अर्थ फॉल्टच्या रिलेचा फ्लॅग (रिले चालला हे दाखवणारी खूण) अडकत होता तोही मोकळा केला, आणि शेवटी ब्रेकर टेस्ट पोझिशनला (मेन लाइनपासून बाजूला) घेऊन खरोखर ट्रिप करून दाखवला, नुसता काँटॅक्ट मिटला म्हणून सोडून दिलं नाही.

आता पाचवा स्टार का कापला ते. आमचं टीएमएस एरवी 0.2 वर असतं, 1 फक्त टेस्टिंगपुरतं. काच बसवून पोरगा स्क्रू आवळत होता तेव्हा माझं लक्ष गेलं, वाय फेज 1 वरच! सकाळी सेटिंगचे फोटो काढून ठेवले होते म्हणून खात्रीने बोलता आलं. तसंच राहिलं असतं तर आमचा रिले उशिरा चालून आमच्या फॉल्टला महावितरणचा फीडर आधी उडाला असता आणि आजूबाजूच्या सगळ्या शेडवाल्यांनी आमचा उद्धार केला असता. काकांनी पोराला झापलं, पण शेवटचं चेकिंग त्यांचंच होतं ना. रिपोर्टही नवव्या दिवशी आला, दोनदा फोन केल्यावर. आकडे मात्र खरे, साफ करायच्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही.

पुढच्या वर्षी परत ह्यांनाच सांगणार, फक्त वेळ सातची देणार, म्हणजे नऊला तरी येतील.