डिजिटल फोटो फ्रेम, १४ महिने वापरल्यावर: चित्र उत्तम, पण फोटोंचा क्रम सांभाळा

गेल्या आठवड्यात फ्रेम बंद पडली, म्हणून हे लिहायला बसले. सकाळी पूजा आटोपून स्वयंपाकघरात आले तर कपाटावरची फ्रेम काळीठिक्कर. बटण दाबलं, पिन काढून पुन्हा घातली, काही उपयोग नाही. वॉरंटी १२ महिन्यांची, ती संपून दोन महिने झालेले.

कऱ्हाडहून एसटीनं कोल्हापूरला सर्व्हिस सेंटर गाठलं. जाण्या-येण्यात अख्खा दिवस गेला. काउंटरवरच्या मुलानं फ्रेम उघडलीसुद्धा नाही. "आजी, बोर्ड गेलाय. २,८०० होतील. आतला सगळा डेटा जाईल, इथं सही करा." ज्या वस्तूला ६,२०० मोजले तिला न तपासता २,८००! आणि डेटा म्हणजे काय, तर माझ्या नातवाची साडेचार वर्षं. मी सही केली नाही. फ्रेम पिशवीत घातली आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्यानं स्वतःचा चार्जर लावून बघितला, फ्रेम लगेच सुरू! अडॅप्टर गेला होता. ५ व्होल्ट, २ अँपिअरचा नवा १८० रुपयांत मिळाला. तुमची फ्रेम बंद पडली तर आधी अडॅप्टर बदलून बघा, आणि फोटोंची दुसरी प्रत घरात असल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका.

आता फ्रेमबद्दल. स्क्रीन दहा इंची, रंग चांगले, लांबूनही स्पष्ट दिसतं. मोबाइलवर काढलेल्या उभ्या फोटोंना दोन्ही बाजूंनी काळे पट्टे येतात, त्याची सवय होते. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्या. मी मोठ्या हौसेनं ६४ जीबीचं घेतलं, ते फ्रेमनं वाचलंच नाही आणि पैसे वाया गेले. जावयांच्या आयफोनवरचे फोटोही उघडत नव्हते. त्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉर्मॅट्सखाली 'मोस्ट कंपॅटिबल' निवडलं, तेव्हापासून नवे फोटो येतात ते सरळ उघडतात.

माझी खरी तक्रार होती ती क्रमाची.

लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडेच झालं. पहिले चार महिने बाळ माझ्या मांडीवर वाढलं. टाळू भरली, पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, शेगडीवर ओव्याची धुरी दिली. डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको म्हणून सांगितलं, तेव्हा बाळगुटीची सहाण मी माळ्यावर ठेवून दिली. मग ती दोघं बंगळुरूला गेली आणि पुढचं बहुतेक सगळं मी फोटोंतच पाहिलं. पालथा पडला, बसायला लागला, रांगला, धरून धरून उभा राहिला, एक दिवस सोफा सोडून दोन पावलं टाकली. मूल मोठं होतं ते असं एकामागून एक. आणि ही फ्रेम काय दाखवायची? आधी शाळेच्या गणवेशात, मग पाळण्यात, मग सायकलवर, मग परत दुपट्यात गुंडाळलेला. सेटिंगमध्ये 'तारखेनुसार' निवडलेलं असूनसुद्धा!

यानं काय बिघडतं असं वाटेल. एक उदाहरण देते. त्याच्या पहिल्या संक्रांतीला, २०२२ साली, बोरन्हाण माझ्याच घरी झालं. आठ महिन्यांचा होता. काळं झबलं मी शिवलं, हलव्याचा हार आणि मुकुट शेजारच्या वहिनींनी करून दिला. त्या दिवशीचे लागोपाठचे ११ फोटो आहेत. पाटावर शांत बसलाय. मग नजर खाली, हाराकडे. मग एक बोट हाराला. मग अख्खी मूठ. मग हार तोंडात, ओठांवर हलव्याचे पांढरे कण. मग दोरा तुटलेला आणि हलवा पाटावर, बोरांत, चुरमुऱ्यांत विखुरलेला. शेवटच्या फोटोत तो माझ्याकडे बघून हसतोय, खालचे दोन दात दिसताहेत. हे फोटो मागेपुढे झाले तर आधी हार तुटतो आणि मग परत गळ्यात येतो. ती गंमत, ते त्याचं हळूच हात पुढे करणं, काहीच उरत नाही.

पाच महिने मी कंपनीला दोष देत होते. दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "रीसेट करा" एवढंच उत्तर मिळालं. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाचातले दोनच गुण दिले असते.

मग वरच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी आली. तिनं फोटोंची नावं वाचून दाखवली. "आजी, हे बघा, नावात जी तारीख आहे ती फोटो तुमच्याकडे आला त्या दिवशीची आहे." फोटो कधी काढला ती तारीख फोटोच्या आत असते, आणि व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला की ती गळून पडते. लेक जुने फोटो सवड मिळेल तशी पाठवायची, त्यामुळे फ्रेमला सगळे आजचेच वाटायचे. दोष फ्रेमचा नव्हताच. माझे शब्द मागे घेते. पण कंपनीच्या माणसानं एवढं फोनवर सांगायला हवं होतं.

आता लेक फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवते. तारीख शाबूत राहते आणि फोटोही स्पष्ट येतो. बोरन्हाणाचे अकरा मात्र तिच्या जुन्या फोनबरोबर गेले, माझ्याकडे आलेल्याच प्रती उरल्या. त्यांची नावं त्या मुलीनं ००१, ००२ अशी बदलून दिली, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि त्या फोल्डरला 'नावानुसार' लावलं. आता बरोबर लागतात.

एक गोष्ट घेताना लक्षातही आली नव्हती. फ्रेमला छोटा स्पीकर आहे. आवाज बारीक आहे, पण व्हिडिओत शब्द कळतात. दोन वर्षांचा असताना त्याला 'आजी' म्हणता यायचं नाही, 'आदी' म्हणायचा. गेल्या दिवाळीपासून स्वच्छ 'आजी' म्हणतो. 'आदी' आता फक्त सात सेकंदांच्या एका व्हिडिओत आहे. दारामागून डोकावतो, 'आदी, मी कुथेय?' म्हणतो आणि पळतो. पोळ्या लाटताना तो लागला की लाटणं थांबतं.

पाचातले चार गुण. एक गुण अडॅप्टरचा आणि त्या काउंटरचा कापला. कालच सगळ्या फोटोंची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि दागिन्यांच्या डब्यात ठेवली.