पोर्टेबल पॉवर स्टेशन : दहा महिने, परभणीचं ऊन अन् आईचा रुमाल

हे पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी अन् इन्व्हर्टर एकत्र असलेला हातात उचलायचा डबा, मार्च २०२५ मध्ये घेतलं होतं. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो, पण आता उन्हाळा काढला, पावसाळा काढला, हुरड्याचा सीझन पण चालूये, त्यामुळं मत जरा ताळ्यावर आलंय.

आमचं कसंय, आम्ही राहतो परभणीत, आई गावाकडं जिंतूर रोडला, अन् गावापासून दीड किलोमीटरवर आखाडा, म्हणजे शेतावरची मुक्कामाची जागा. तीन ठिकाणं अन् तिन्हीकडं लाईटीचा भरवसा नाही. आईला दम्याचा त्रास, नेब्युलायझर रात्री कधी लागंल सांगता येत नाही, अन् एकदा नेमकी डीपी जळाली तेव्हा रात्री अकराला तिला गाडीत घालून परभणीला आणावं लागलं. त्या रात्रीनंतर ठरवलं की काहीतरी घ्यायचंच.

आता पहिलं सरळ सांगतो. तुम्हाला घरात एकाच जागी ठेवायचं असेल तर हे घेऊ नका. खरंच नका घेऊ. मला ऑफरमध्ये चाळीस हजाराच्या थोडं खाली पडलं, तेवढ्यात साधा इन्व्हर्टर अन् १५० एएचची ट्युबलर बॅटरी येऊन वर पैसे उरतात, अन् त्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-अवर वीज साठते, माझ्या डब्यात ५१२. म्हणजे साडेतीन पट. फक्त ती बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते, पाणी टाकत बसावं लागतं, अन् आखाड्यावर सोडून आलो तर सकाळी असंलच याची गॅरंटी नाही. माझा डबा सहा किलोच्या आसपास, एका हातात उचलून गाडीत टाकला की झालं. मी पैसे दिले ते या उचलण्याचे.

घेताना सगळ्यात जास्त घोळ वॅट अन् वॅट-अवरचा झाला. डब्यावर मोठ्ठ्या अक्षरात १००० वॅट लिहिलेलं, मला वाटलं मिक्सर आरामात चालंल. नाही चालत. ते १००० म्हणजे क्षणभरासाठी, सतत फक्त ५००. घरचा मिक्सर ७५० चा, शेंगदाण्याची चटणी करायला लावला तर दोन सेकंदात पीप पीप करून बंद, आई म्हणे "हे कामून वरडायलंय?" गावाकडचा जुना फ्रिज पण तसाच, चालताना १२० वॅटच खातो पण कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम कितीतरी पट ओढतो, तिथंच ट्रिप. तर वॅट म्हणजे एका वेळी किती ओझं उचलणार, अन् वॅट-अवर म्हणजे शिदोरी किती. आपल्याला दोन्ही बघावं लागतं, अन् दुकानदार त्यातलं मोठं वाटंल तेच दाखवतो.

अन् ५१२ पण पूर्ण हातात पडत नाहीत. मी प्लगचा मीटर लावून मोजलं, २३० व्होल्टच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त ४३० निघतात, बाकीचे आतला इन्व्हर्टर खातो. २८ वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा पंखा ११ तास चालला. जुना ७५ वॅटचा पंखा जेमतेम पाच तास. म्हणून मी आईच्या खोलीतला पंखाच बदलला, तो खर्च पण या डब्याच्याच नावावर धरा. नेब्युलायझर ११० च्या आसपास घेतो, पण चालतो दहा-पंधरा मिनिटं, त्याचं काहीच वाटत नाही.

राउटरची गंमत सांगतो कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आधी मी राउटर त्याच्या अडॅप्टरनं लावायचो, २२ तास मिळायचे. राउटर खातो ९-१० वॅट अन् एसीचं, म्हणजे त्या २३० व्होल्टच्या सॉकेटचं बटण नुसतं चालू ठेवायला डबा स्वतःच तेवढेच खातो! मग मी डब्यावरच्या कार सॉकेटमधून (गाडीत असतं तसलंच) लावायला राउटरच्या पिनची डीसी केबल आणली, एसी बंद ठेवलं, तर जवळपास दोन दिवस. फक्त काही डब्यांच्या कार सॉकेटला १३ व्होल्टच्या वर येतं, तेव्हा राउटरला किती चालतं ते बघूनच लावा. एसीचं बटण एकदा रात्रभर विसरलो, काहीही न लावता सकाळी २० टक्के गायब.

आता उन्हाचं. जगात जर्मनी भारतात परभणी आपण उगाच म्हणत नाही. मे महिन्यात डबा गाडीच्या डिकीत राहिला, दुपारी आखाड्यावर जाऊन सोलर पॅनल जोडलं तर स्क्रीनवर थर्मामीटरचं चिन्ह अन् चार्जिंग शून्य. मला वाटलं गेले चाळीस हजार. नंतर कळलं की आतली बॅटरी ४५ डिग्रीच्या वर गेली की तो चार्जिंग घेतच नाही, अन् ते बरोबरच आहे. पत्र्याच्या खोलीत पण ठेवून उपयोग नाही, लिंबाखाली बाजेच्या सावलीत ठेवला, दीड तासानं आपोआप सुरू झाला. तेव्हापासून पॅनल उन्हात अन् डबा सावलीत, लांब वायर टाकून.

पॅनल १०० वॅटचं घडीचं आहे. मार्चमध्ये दुपारी ७२-७५ यायचे. मे मध्ये ऊन जास्त म्हणून जास्त येतील वाटलं तर उलट ६५ वर आले, कारण पॅनल तापलं की कमी देतं, अन् वर आपली धूळ. फडक्यानं पुसलं की तीन-चार वॅट वाढतात हे डोळ्यासमोर दिसतं, मुलाला तो एक खेळच झालाय. शेजारच्या काकांनी सौर पंपाचे पॅनल दाखवून म्हणलं याच्यालाच जोड की, एका घंट्यात भरंल. अजिबात करू नका! पंपाचे पॅनल एकामागं एक जोडलेले असतात, काही शे व्होल्ट तयार होतात, अन् माझ्या डब्याची मर्यादा ५० व्होल्ट. धूरच निघंल.

गावात व्होल्टेज कमी असतं तेव्हा फास्ट चार्जिंग सारखं चालू-बंद चालू-बंद होतं. अ‍ॅपमध्ये जाऊन १५० वॅटवर आणलं की गपगुमान घेतं, वेळ लागतो पण भरतं. अ‍ॅप एरवी भिकार आहे, दर दोन दिवसांनी लॉगिन मागतं, अन् शेतात रेंज नसताना कुठून करायचं लॉगिन?

बॅटरी एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट आहे, कंपनी ३००० सायकल (एकदा पूर्ण भरून संपवली की एक सायकल) सांगते अन् त्यानंतर पण ८० टक्के क्षमता राहील म्हणते. दहा महिन्यात मला त्याची परीक्षा घेता येणार नाही. स्वस्तात दिसणारे काही डबे अजून जुन्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्या) बॅटरीचे आहेत, त्यांच्या सायकल बऱ्याच कमी असतात, तेवढं बघून घ्या. विमानात नेता येत नाही, तिथं १६० वॅट-अवरच्या वर परवानगीच नाही. अन् सर्व्हिस म्हणाल तर मराठवाड्यात सेंटरच नाही. चार्जिंगचं सॉकेट ढिलं झालं म्हणून फोन केला तर म्हणे कुरिअर करा, अन् कुरिअरवाला म्हणतो लिथियम बॅटरी आम्ही घेत नाही. दोघांत मी. शेवटी केबल जरा वाकडी करून लावतो, चालतंय.

कॅम्पिंगला किती वापरलं? येलदरी धरणाकडं दोनदा मुक्काम झाला, लाईट, मोबाईल, एक छोटा स्पीकर, दोन रात्रीत ४० टक्के पण संपलं नाही. परवा हुरड्याला पंधरा-वीस माणसं होती तेव्हा पण तेच. नुसत्या कॅम्पिंगसाठी याच्या निम्म्या साईजचा पुरंल, एवढा मोठा घ्यायची गरज नाही.

खरा कामाला आला तो सप्टेंबरच्या अतिवृष्टीत. पोल आडवे झाले, गावात तीन दिवस लाईट नाही. आभाळ असं दाटलेलं की पॅनलला १५ वॅट यायचे, ते असून नसल्यासारखं. मी गाडीच्या सॉकेटवर भरत होतो, तिथं १०० वॅटच्या आत-बाहेर घेतं, म्हणजे तासभर गाडी फिरली तर २० टक्के. एका चार्जमध्ये मोबाईल १८-२० होतात, पण आमच्या ओट्यावर त्याच्या दुप्पट आलेले, म्हणून प्रत्येकाला अर्धा तास, असं आईनंच ठरवून दिलं. कुणाचा कुठला हे कळावं म्हणून तिनं मोबाईलला चिंध्या बांधल्या, लाल, हिरवी, लुगड्याचा काठ. स्वतःच्या नेब्युलायझरसाठी ३० टक्के राखून ठेवायचे हे मात्र तिला मी सांगायच्या आधीच कळलेलं, स्क्रीनवर ३० दिसले की बटण बंद.

आता डबा तिच्याच खोलीत असतो बहुतेक. धूळ बसू नये म्हणून तिनं त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकलाय, टीव्हीवर असायचा तसा. बाजूच्या जाळ्या झाकल्या की पंखा जोरात ओरडतो, मी दर रविवारी जाऊन रुमाल काढतो अन् पुढच्या रविवारी तो परत तिथंच असतो.